तोंडातली लोकर

धुळाप्पा ओरडतो का न्हाय, ह्यावर पैज लागली ती बलभीमच्या तेलाच्या घान्यावर. बैल फिरत होता, आमी चौघं पेंडीच्या ढिगाला टेकून बसलेलो, आन् धुळाप्पा मांडीवर थाप मारून सांगत होता की कापताना तर सोडाच, कापल्यावर सात दिवस पट्टी बदलतानासुदिक त्याच्या तोंडातनं साधं 'ओय' निघनार न्हाय. म्या म्हनलं, निघनार. मिशीवर ठरलं. हरंल त्यानं बाजाराच्या दिवशी मारुतीम्होरच्या धोंड्यावर बसून अर्धी मिशी भादरून घ्यायची, आन् तसंच पंधरा दिवस गावात हिंडायचं.

अर्धीच. सगळी काढली तर मानूस बाप मेला म्हनून सांगतो. अर्धीला कायबी कारन सांगता येत न्हाय.

माझी मिशी तवा अशी होती की दोन टोकांना दोन लिंबं ठिवली तर पडायची न्हायत. आमची सिताबाई म्हनायची, तुमच्या मिशीला जेवढं तेल जातं तेवढ्यात महिनाभर आमटीला फोडनी बसंल. अशी मिशी म्या उगं डावावर लावली न्हवती. ह्या महारुद्रानं गावात कवा पैज हरलेली न्हाय. कारन सरळ खेळलेलीच न्हाय.

आता कापायचं काय, ते सांगतो. धुळाप्पा आमचा भिंतीला भीत लागलेला शेजारी. जातीचा धनगर, दीडशे मेंढरं, दंड म्हंजी बैलगाडीचं जू. पन गेल्या सालापासनं त्याला खाली दुखनं लागलं होतं. कातडं आवळून आलं, लघवी तुंबायची, ताप भरायचा, रात-रात लाथा झाडायचा. वाशीच्या वैदाच्या पुड्या खाऊन झाल्या, बिरोबाला कोंबडं झालं. शेवटी खाजामियाँ बोलला.

खाजामियाँ आमच्या गावचा हजाम. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्सानं थोरला. दाढी-डोई सगळ्या गावाची करायचा आन् आसपासच्या दहा गावच्या मुसलमानांच्या पोरांची खतना, म्हंजी सुंता, त्याच्याच हातची. त्यानं धुळाप्पाला सांगितलं की औषध ह्येच. धुळाप्पा इंगळावर पाय पडल्यागत उठला. खाजामियाँ शांत. म्हनला, "मी तुला मुसलमान करत न्हाय रे बाबा, मोकळा करतो."

धुळाप्पानं बिरोबाला कौल लावला. फूल उजवं पडलं. मग गुमान तयार झाला, पन कुनाला कळू द्यायचं न्हाय ह्या बोलीवर. आमी चौघं, म्हंजी म्या, धुळाप्पा, बलभीम, खाजामियाँ, आन् आमच्या बायका, बास.

दिवस कसे होते तेबी ध्यानात घ्या. भादवा लागलेला. निजामाची गादी हलत होती. उन्हाळ्यात निजामाच्या बाजूचे खाकीवाले बंदुका घेऊन गावोगाव फिरत होते. त्यांच्या म्होरक्याच्या घोड्याच्या शेपटीला म्या डबा बांधला, आन् त्यांनी मला चावडीम्होरं पाडून माझा डावा कान तलवारीनं लोंबता केला. म्होरं मानही गेली असती, पन घोडा डब्यासकट उधळला आन् ते त्याच्यामागं पळाले. माझा कान शिवला खाजामियाँनं, घोड्याच्याच केसानं. सात टाके. शिवताना तो रडत बी होता आन् शिव्या बी देत होता, खाकीवाल्यांना एक आन् मला दोन.

तर धुळाप्पा. पहाटं खाजामियाँनं वस्तरा चुलीत लाल करून घेतला, कळकाचा चिमटा उकळून घेतला. धुळाप्पानं आपल्याच मेंढराची मूठभर लोकर तोंडात कोंबली आन् बाजंवर आडवा झाला. म्या त्याच्या डोक्याशी बसलो, कान टवकारून. वस्तरा फिरला. धुळाप्पाच्या मानंच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, बाजेचं एक लाकूड कडकन मोडलं. आवाज बाजेचा. त्याचा न्हाय.

खाजामियाँनं जळक्या कापसाची राख दाबली, उकळून वाळवलेल्या धोतराची पट्टी बांधली आन् धुरपताबाईला, म्हंजी धुळाप्पाच्या बायकोला, बसवून समजावलं. लिंबाचा पाला उकळून त्याचं पानी रोज ताजं. पट्टी वाळून चिकटंल, तिला आधी कोमट पान्यानं भिजवायची, मऊ झाली की सोडवायची, कोरडी ओढली तर समदं परत फाटंल. आंबट न्हाय, तिखट न्हाय, वांगं तर न्हायच. पानी भरपूर पाजायचं. मेंढरांकडं जायचं नाव काढायचं न्हाय. आन् जखमंला कापड लागू नये म्हनून त्यानं आपली एक लुंगी धुळाप्पाला नेसवली, तिला मधी सुतळी बांधली आन् सुतळी वर आढ्याला. लुंगी तंबूसारखी उभी. धुळाप्पा त्या तंबूखाली पडून.

लोकर त्यानं तोंडातनं काढलीच न्हाय. खाण्यापुरती काढायचा, परत कोंबायचा. तोंड उघडं ठिवलं तर ओरडनं चुकून बाहेर यील, असं त्याचं म्हननं होतं, आन् तेबी त्यानं हातवारे करून सांगितलं. बोलनंच बंद. धनगराचा हट.

मग म्या माझ्या कामाला लागलो.

पहिल्या दिवशी मेलेला इंचू नांगी सरळ करून त्याच्या छातीवर ठिवला. त्यानं उचलून माझ्याकडं फेकला. दुसऱ्या दिवशी म्या पाया पडलो, हरलो म्हनलं, पैज सोडली, आता तोंड उघड आन् दोन घास सुखानं बोल. तो लोकर काढायला गेला, आन् माझ्या मिशीकडं बघून थांबला. मिशी होती तिथंच होती. त्यानं मान हलवली. तिसऱ्या दिवशी लांडगा कळपात शिरला म्हनून बोंबललो. चौथ्या दिवशी मातर म्या कळस केला. तेरखेड्याच्या जत्रंतले दोन सोंगाडी आनले, त्यांना खाकी कपडे चढवले, लाकडी तलवारीला गेरू फासला, आन् धडाधडा दार वाजवत धुळाप्पाच्या घरात घुसवलं. खाजामियाँ तिथंच पट्टी भिजवत बसला होता, त्यालाबी म्या आधी सामील करून घेतलेलं. तो बाजंखाली दडून बसायचं सोंग करून थरथरायला लागला. धुळाप्पाचे डोळे येवढे झाले. हात उशाच्या काठीकडं गेला. पन एका सोंगाड्याची मिशी सुटून खाली पडली, आन् धुळाप्पा लोकर तोंडात धरून असा हसला की लुंगीची सुतळी तुटली. हसल्यानं जखमंतनं जरा रगत आलं. खाजामियाँनं नवी सुतळी बांधली आन् मला वस्तऱ्याचा चामडी पट्टा फेकून मारला.

पाचव्या दिवशी म्या चाँदपाशाकडनं फटाक्याची माळ आनली. चाँदपाशा तेरखेड्यात फटाके वळायला शिकलेला, गल्लीच्या तोंडाशी त्याचं घर. कशाला पायजे ते ऐकून पोट धरधरून हसला आन् चार सुटे फटाके वरनं दिले. माळ धुळाप्पाच्या भिंतीमागं उडवली. आत जाऊन सांगितलं, फौज आली, निजाम पडला, सुटलो. त्यानं कूस बदलली.

निजाम खरंच पडला होता. माझ्या पाच दिवसांतलं येवढंच खरं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी टोळी आली.

तीस-चाळीस जन असतील. गावातला एक बी न्हाय. त्यांच्यातल्या कैकांची घरं खाकीवाल्यांनी जाळली होती, भाऊ मारले होते, हे खरं. पन ज्यांनी मारले ते कवाच पळाले होते. राहिले होते ते चाँदपाशासारखे. म्या गल्लीच्या तोंडाशी होतो तवा त्यांनी त्याला घरातनं वढून काढला. त्यानं हात वर केले. हाताला फटाक्याची काळी दारू लागलेली. एकानं कुऱ्हाड घातली ती मनगटावर. हात आधी पडला, मग तो पडला, मग तिघांनी मिळून मानंवर घातलं. कुऱ्हाड एकदा दगडावर बसली, ठिनगी उडाली. त्याचे चार फटाके माझ्या खिशात होते.

म्या परसातल्या भिंतीवरनं उड्या मारत घरी आलो. सिताबाई माझ्याहून हुशार. खाजामियाँची बायको फरिदाबी तिनं कवाच चुलीम्होरं बसवली होती, कपाळाला रुपयायेवढं कुंकू, हातात भाकरीचं पीठ. सिताबाई येवढंच म्हनली की मियाँ पलीकडं हायत, धावा.

धुळाप्पाच्या घरात खाजामियाँ गुडघ्यावर बसून भिजलेली पट्टी सोडवत होता. कोमट पान्याचं भगुनं शेजारी. म्या आत पडलो तसा धुरपताबाईनं माझं तोंड बघितलं, काय समजायचं ते समजली, खाजामियाँला खांद्याला धरून हातातल्या पट्टीसकट बाजंखाली ढकलला आन् वरनं घोंगडी खालपत्तूर सोडली. म्या धुळाप्पाचं गचांडं धरलं, सांगितलं की खरी टोळी हाय, चाँदपाशाला मारलं, गपचिप आपलं नाव-गाव सांग. तो गालातल्या गालात हसला. बाजंखाली दडलेला खाजामियाँ, बाहेर आरडाओरड, म्या घामाघूम. त्यानं हे सगळं परवाच बघितलं होतं.

दार मोडून आत आले. म्होरं पिवळा फेटा बांधलेला एक तरना मानूस, हातात तलवार. गेरू न्हवता. मुठीपत्तूर ओलं होतं. त्याच्यामागं दोघांनी बलभीमला मानंवर कोयता ठेवून उभा केलेला. हजाम कुठं बसतो, हे त्यानंच दाखवलं होतं. त्यानं वर बघितलं न्हाय.

पिवळ्या फेट्यानं घरभर नजर फिरवली. भुईवर हजामाची चामड्याची धोकटी उघडी पडलेली, वस्तरा, चिमटा, सगळं. बाजंवर लुंगी नेसलेला मानूस. त्यानं विचारलं, ह्योच का न्हावी. बलभीम बोलला न्हाय. म्या बोललो, की ह्यो धुळाप्पा धनगर, आजारी हाय. काठीचा टोला तोंडावर आला. दोन दात जिभंवर पडले. धुरपताबाईनं पदर मागं सारून कपाळावरचं कुंकू दाखवलं.

"कुंकू आज सगळ्याच बायकांनी लावलंय," तो म्हनला. "चार घरं बघून आलो."

त्यानं तलवारीच्या टोकानं लुंगीची सुतळी तोडली, लुंगी बाजूला सारली. बघितलं. मागच्या एकानं म्हनलं, जखम ताजी दिसतीया. पिवळा फेटा म्हनला, आज कापलं काय आन् ल्हानपनी कापलं काय, कापलंय. मग तलवार धुळाप्पाच्या गळ्याला लावली आन् नाव विचारलं.

धुळाप्पानं लोकरीनं फुगलेले गाल हलवले आन् मला डोळा मारला.

खाकीवाल्यांनी माझा कान कापला तवा म्या भ्यालो होतो. ह्या डोळ्यानं जेवढा भ्यालो त्याच्या पासंगाला बी ते पुरत न्हाय. धुळाप्पाच्या गळ्यावर तलवारीचं टोक रुतून रगताची बारीक रेघ छातीवर उतरत होती, आन् तो माझ्या सोंगाड्यांची तारीफ केल्यासारखी मान डोलवत होता. तो मेला तर माझ्या चेष्टेनं मरनार होता. आन् त्याला बाजूला सारला की बाजंखाली खाजामियाँ. म्या म्हनलं, धुळाप्पा, हरलो, पैज सोडली. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशीसारखीच. आन् परत माझ्या मिशीकडं बघितलं.

तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला.

म्या पिवळ्या फेट्याला म्हनलं, "दमा. येवढं बघा, मग मारा."

खाली बसलो, धोकटीतला वस्तरा उचलला. दोघांनी कुऱ्हाडी वर केल्या, पन म्या वस्तरा माझ्याच तोंडाला लावला तशा त्या वरच राहिल्या. तोंड रगतानं भरलेलं, पानी न्हाय, साबन न्हाय. कोरडा वस्तरा ओढला. मिशीसंगं कातडं बी आलं. अर्धी मिशी, डावी, तेल पाजून वीस वर्सं पोसलेली, म्या धुळाप्पाच्या हातावर ठिवली.



धुळाप्पानं हातावरल्या केसांकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याचं हसू हळूहळू उतरलं. मग तलवार बघितली, मुठीपत्तूर. दारातला बलभीम बघितला. आन् तोंडात दोन बोटं घालून लोकर बाहेर काढली.

"म्या धुळाप्पा," तो म्हनला. सहा दिवसांनी आवाज गंजलेल्या कडीसारखा आला. "हटकर धनगर. बिरोबाचा पुजारी."

"मग कापलं कशानं?"

"मुतायला येत न्हवतं. तुझं तुंबंल तवा तूबी कापशील."

मागं कुनीतरी फसकन हसलं. पिवळा फेटा हसला न्हाय. कापलं कुनी, विचारलं. धुळाप्पानं सांगितलं, खाजामियाँनं. तो कुठं हाय? धुळाप्पा म्हनला, पहाटंच पळाला, धोकटी सुदिक टाकून, वाशीच्या रस्त्यानं. पिवळ्या फेट्यानं त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग खाली वाकून, कुनी काय बोलायच्या आत, घोंगडीतनं तलवार बाजंखाली खुपसली.

ती कशाततरी गेली. मला ऐकू आलं.

आन् धुळाप्पा ओरडला. सहा दिवसांचं साठलेलं सगळं एकदम. गल्लीतली कुत्री गप झाली, भांडी खनानली. ओरडतच तो बाजंवरनं उठला, तशी जखमंची कवळी कातडी फाटली आन् रगत मांड्यांवरनं भुईवर आलं, बाजंखालनं येत होतं त्यात मिसळलं. पिवळ्या फेट्याच्या अंगावर जाऊन त्यानं आय-बापापासनं मेंढरांपत्तूर त्याला शिव्या घातल्या. बाजंला तलवार मारून त्यानं आजारी मानसाची जखम फोडली म्हनला, आता हे रगत कोन तुझा बाप थांबवनार. अशा शिव्या, की धनगराच्या पोटी जल्मल्याशिवाय त्या येतच न्हायत. टोळीत दोन धनगर असावेत. ते म्होरं आले, पिवळ्या फेट्याला दंडाला धरून म्हनले, चला, आपल्यातला हाय. तलवारीला ताजं रगत होतं, भुईवर रगत होतं, धुळाप्पाच्या मांड्यांना रगत होतं. कुनाचं कोनतं, कुनी बघितलं न्हाय.

ते गेल्यावर आमी बाज उचलली. तलवार खाजामियाँच्या उजव्या दंडातनं आरपार गेली होती. आवाज येऊ नये म्हनून त्यानं तोंडात धुळाप्पाचीच ओली पट्टी कोंबली होती.

दंड म्या शिवला, घोड्याच्या केसानं. खाजामियाँ डोळे मिटून सांगत होता, म्या शिवत होतो. सात टाके झाल्यावर म्हनला, फिटलं. म्या म्हनलं कानाचे सात आन् दंडाचे अकरा लागत्यात, अजून चार बाकी. तो हसायला गेला आन् बेसूद झाला.

मग तीन आठवडे धुळाप्पाच्या घरात दोन बाजा. एकीवर तो, परत पहिल्यापासनं तंबूखाली. दुसरीवर खाजामियाँ. फरिदाबी आन् धुरपताबाई आळीपाळीनं लिंबाचं पानी उकळायच्या. एकदा धुळाप्पा घाईनं खाजामियाँची पट्टी कोरडीच ओढायला लागला, तर खाजामियाँनं डाव्या हातानं त्याच्या मुस्कटात दिली. म्हनला, भिजव आधी. चाँदपाशाला आमी तिसऱ्या दिवशी मातीत घातलं होतं. त्याचा हात शोधून आनला होता म्या. ते फटाके म्या उडवले न्हायत.

खाजामियाँ हिंडाय-फिराय लागला, पन त्याच्याकडं दाढीला कुनी येईना. आपल्या मानसांना लाज वाटत होती, आन् वस्तरा हातात असलेल्या मानसाला मान कशी द्यायची, ह्याची भीती बी. शेजारच्या गावचा न्हावी यायला लागला. खाजामियाँ ओट्यावर बसून वस्तऱ्याला धार लावायचा आन् परत धोकटीत ठिवायचा. फरिदाबी म्हनली, आमी आता हैदराबादला जातो, तिकडं भावाकडं. सामान बांधायला काढलं.

म्होरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी धुळाप्पा म्हनला, पैज भरायची हाय.

म्या म्हनलं, म्या भरली की. तो म्हनला, तू हरला म्हनून भादरली न्हायस. ओरडलो म्या. ते बी सहाव्या दिवशी. निवाडा करायला खाजामियाँला बसवलं. त्यानं लई वेळ दाढी खाजवली, मग म्हनला, बोली सात दिवसांची होती, धुळाप्पा हरला. बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मारुतीम्होरं भर बाजारात वस्तरा त्यालाच धरायचा हाय. तवर धुळाप्पा उठून गेला होता.

बाजार भरला. धुळाप्पा धोंड्यावर बसला. आजूबाजूला चार गावची मानसं. फरिदाबी पान्याची वाटी धरून उभी. खाजामियाँचा उजवा हात मिटत न्हवता, म्हनून वस्तरा डाव्या हातात. धुळाप्पानं मान मागं टाकली, नरडं उघडं केलं. भाजीवालीनं तराजू खाली ठिवला.  पहिल्याच फटक्याला वस्तरा घसरला, ओठावर रगत आलं, आन् बाजार सगळा म्होरं सरकला.

धुळाप्पानं बंडीच्या खिशात हात घातला, लोकरीचा बोळा काढला आन् तोंडात कोंबला.

म्या हसलो. म्या हसलो तसं दोघं-चौघं हसली. खाजामियाँनं वस्तरा पुसला, परत लावला. ह्या वक्ताला घसरला न्हाय. धुळाप्पाची उजवी मिशी गेली. माझी डावी आधीच गेलेली, अजून नीट फुटली न्हवती. आमी दोघं शेजारी उभं राहिलो तवा एका मानसाची मिशी पुरी झाली.

धोंडा मोकळा झाला. खाजामियाँ धोकटी आवरायला लागला, तेवढ्यात गर्दीतनं बलभीम आला. महिनाभर तो घान्याच्या बाहेर दिसला न्हवता. दाढी रानासारखी वाढलेली. कुनाकडं न बघता धोंड्यावर बसला, फेटा काढून मांडीवर घेतला आन् मान मागं टाकली.

खाजामियाँनं त्याच्या गळ्याकडं बघितलं.  मग फरिदाबीला म्हनला, पानी बदलून आन, कोमट आन, लई राठ झालीया, आधी भिजवावी लागंल.